विचारत जा गं, शहर आपोआप आपलं होतं

अगं, निवड झाली म्हणून गल्लीभर पेढे वाटून झाले आणि आता रात्रीची झोप उडाली, हो ना? औशाजवळच्या गावातून अकरावी-बारावीला लातूर, तिथून इंजिनिअरिंगला पुणे, आणि आता एक सेमिस्टर थेट जर्मनीत, ड्रेस्डेनला. आई म्हणते, एकटी पोरगी कशी राहील. बाबा काही बोलत नाहीत, पण पासबुक काढून बसतात. तू सगळ्यांना ‘काही टेन्शन नाही’ म्हणून सांगतेस आणि मला मात्र मध्यरात्री मेसेज करतेस. बरं केलंस. मी नांदेडची, त्याच शहरात शिकून आलेली. माझ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी?

आधी एक गोष्ट नीट ऐकून घे. परक्या शहरात हुशारीपेक्षा जास्त कामाला येतं ते तोंड उघडून विचारणं. पत्ता विचारायचा, फॉर्ममधला रकाना विचारायचा, वर्गात न कळलेलं विचारायचं आणि जीव घाबरला तर ‘जरा बसतेस का माझ्याजवळ’ असंही विचारायचं. आपल्याकडच्या हुशार मुलींना नेमकं हेच जड जातं. शाळेपासून पहिला नंबर, म्हणून ‘मला माहीत नाही’ म्हणायची सवयच नाही. ती सवय आता लावून घे.

आमच्या नांदेडचं बघ. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून, कॅनडा-इंग्लंडमधून माणसं येतात. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला तर गाव माणसांनी नुसतं फुलून गेलं होतं. लंगरच्या पंगतीत कुणी कुणाला ‘तू कुठला’ म्हणून अडवत नाही, आणि स्टेशनबाहेर रस्ता विचारणाऱ्याला कुणी खुळ्यात काढत नाही. आपण रस्ता सांगणारी माणसं आहोत. आता काही महिने विचारणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं, एवढंच. त्यात कमीपणा कसला?

आणि तू हे आधी केलंयस गं! सोळाव्या वर्षी ट्रंक आणि गादी घेऊन लातूरला आलीस, तेव्हा तुला कोण ओळखत होतं? दर जूनमध्ये कुठकुठल्या जिल्ह्यांतली पोरं ‘लातूर पॅटर्न’पायी त्या शहरात येतात. एका खोलीत चौघी, मेसची पातळ आमटी, रविवारी चाचणी परीक्षा, सणाला घरची आठवण. तू रडलीसही असशील, पण टिकलीस. कुठली मेस बरी, कुठल्या क्लासच्या नोट्स चांगल्या, हे सगळं विचारूनच कळलं ना? ड्रेस्डेनला भाषा वेगळी आणि थंडी जास्त. बाकी काम तेच.

आईबाबांचं म्हणशील, तर त्यांच्यावर चिडू नकोस. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला पीएचडीसाठी निघाल्या, तेव्हा सासऱ्यांनाच ते पसंत नव्हतं. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले! नवरा जर्मनीत शिकून आलेला, तो पाठीशी राहिला. पैशांसाठी जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं, आणि १९३० मध्ये त्या डॉक्टर होऊन परत आल्या. कर्व्यांच्या घरात सुद्धा हा घोर लागला होता, तर तुझ्या आत्याने नाक मुरडलं म्हणून काय बिघडलं? भांडू नकोस. खोलीचा पत्ता, विद्यापीठाचा फोन नंबर, विम्याचा कागद आणि खर्चाचा हिशोब असं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि देवघराशेजारी चिकटव. घरच्यांना आकडे आणि पत्ते दिसले की निम्मी काळजी तिथेच उतरते.

आता कागदपत्रं. इथे मी जरा दटावूनच सांगणार आहे. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर तुला राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि त्याच्या भेटीची तारीख मिळायलाच वेळ लागतो. म्हणून विद्यापीठाचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी तारीख शोधायला बस. शिष्यवृत्तीने सगळा खर्च भागत नसेल तर ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. त्यात पैसे आधी भरायचे आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो धरली जाते. तुझं एकच सेमिस्टर आहे, तेव्हा तेवढ्या महिन्यांपुरतं बघायचं. भरण्याआधी वकिलातीच्या वेबसाइटवर ताजा आकडा पाहून घे, कारण तो बदलत असतो. दोन विद्यापीठांच्या करारातून जाणाऱ्या मुलीला सहसा तिथली शिकवणी फी नसते, फक्त सेमिस्टरचं शुल्क भरावं लागतं. त्यात ट्राम-बसचं तिकीटही येतं. ते तिकीट मोबाइलवर नीट दिसतंय ना, हे पहिल्याच दिवशी बघ. विनातिकीट सापडलीस तर ६० युरो दंड, आणि नवी आहे म्हणून कुणी सोडत नाही.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी, तिकडे तिला आनमेल्डुंग म्हणतात. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. घरमालकाच्या किंवा हॉस्टेलच्या सहीचं पत्र आणि पासपोर्ट घेऊन नागरिक कार्यालयात जायचं. हा कागद मिळाला की पुढची सगळी कामं सोपी होतात. आणि महिन्या-दोन महिन्यांत टीव्ही-रेडिओच्या शुल्काचं एक पत्र येईल, त्याने दचकू नकोस. ते शुल्क माणशी नसतं, घरामागे असतं, महिन्याला १८.३६ युरो. चौघी एका फ्लॅटमध्ये असाल तर चौघींत वाटून घ्या. पण ते पत्र कपाटात टाकून विसरू नकोस बाई. तिकडे पत्र आलं की त्याला उत्तर द्यायचंच.

खोलीसाठी आजच अर्ज कर. स्टुडेंटेनवेर्क नावाची संस्था विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि मेस चालवते. त्यांच्या खोल्या स्वस्त असतात, म्हणून लवकर संपतात. नेटवर कुणी म्हणालं, ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने देतो’, तर तो फोन तिथेच ठेव. खोली आपल्या ओळखीच्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. किल्ली जिवापाड जप. इमारतीच्या एकाच किल्लीने बरीच दारं उघडत असतील, तर हरवल्यावर कुलपांचा सगळा संच बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. हिवाळ्यात थंडीला घाबरून खिडक्या बंद ठेवशील, तर भिंतीला बुरशी धरेल. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं खिडकी सताड उघडायची, शेजारीण डोळे वटारून सांगेल त्याआधीच.

आता तुझा जिव्हाळ्याचा विषय, खाणं. तूप, पेढे आणि उजनीची बासुंदी बॅगेतून काढ. मला माहितेय, आई भरणारच. पण युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून चटणीत कुटून घे. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, थोडी हळद, लातूरची तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ एवढं ने. पीठ दोन-तीन किलोच पुरे, कारण जुनं झालं की त्याची विरी जाते.

भाकरीचं मात्र लक्ष देऊन ऐक. तिथे शेगडीला जाळ नसतो, काचेची सपाट विजेची शेगडी असते. म्हणून भाकरी निखाऱ्यावर किंवा जाळावर फुगवायचा विचार सोडून दे. पातेल्यात वाटीभर पाण्याला उकळी आण, त्यात चिमूट मीठ टाक, गॅस... म्हणजे शेगडी बंद कर आणि पीठ घालून झाकून ठेव. हाताला सोसवेल एवढं गार झालं की तळहाताच्या टाचेने रगडून मळ. विरी गेलेलं पीठही असं आधणात भिजवलं की जुळून येतं. भाकरी जरा जाडसर थाप, वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरव, पाणी सुकलं की उलट. खालची बाजू भाजली की पुन्हा उलटून सुती फडक्याने कडेकडेने दाबत राहा. तव्यावरच पापुद्रा सुटतो. आणि मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेव, पंखा लाव. छताला धूर ओळखणारा अलार्म असतो, तो वाजला की सगळी इमारत जिन्यात गोळा होते. फोडणी अर्धवट सोडून तूही खाली जायचं, नक्की काय झालं ते सांगायचं आणि वर येऊन सगळ्यांना भाकरी-चटणी खाऊ घालायची. ओळखी अशाच होतात.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून किराणा शनिवारी आण. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की पैसे परत मिळतात. जाड कोट इथे घेऊ नकोस. लातूरच्या थंडीला शिवलेला कोट तिथल्या जानेवारीला पुरत नाही. तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगला मिळतो. आणि पहिला महिना प्रत्येक किमतीला रुपयांत बदलून बघशील, तर पोटभर जेवणारच नाहीस. महिन्याचा हिशोब युरोतच मांड. खोली, विमा, किराणा आणि हातखर्च असे चार रकाने कर, आणि ठरलेल्या रकमेत पोटभर जेव.

पोटभर जेव असं मी पुन्हा पुन्हा का म्हणतेय, सांगू? आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात ठेवून घेतलं, म्हणजे माया करणारं माणूस तिकडेही भेटलं होतं. पण फिलाडेल्फियाची थंडी, परकं अन्न, अभ्यासाचा ताण आणि आजारपण हे सगळं अंगावर काढत त्या शिकत राहिल्या. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. आज औषधं आहेत, विमा आहे, डॉक्टर आहेत. म्हणून अंगावर काहीही काढायचं नाही, हा माझा हुकूम समज. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टर गाठ. दवाखाना बंद असेल आणि जिवावरचं नसेल तर ११६११७ ला फोन कर. जिवावरचं असेल तर ११२, पोलीस हवे असतील तर ११०. हे तीन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाल, मी थांबते.

आणि आजार फक्त अंगाचा नसतो गं. ऑक्टोबर नवलाईत जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि घरापासूनचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. मग नोव्हेंबर येतो. आकाश करडं होतं, आणि डिसेंबरात तर दुपारी चारच्या सुमाराला अंधारतं. आपण उन्हातली माणसं. मराठवाड्यात उन्हाला शिव्या घालत वाढलो, पण अंगाला ऊन लागतंच. तेव्हा एखाद्या दिवशी काही कारण नसताना रडू येईल, अंथरुणातून उठवणार नाही. त्यात तुझा काही कमकुवतपणा नाही, हे लक्षात ठेव. दुपारी बाराला, आकाश कसंही असो, अर्धा तास एल्बे नदीच्या काठाने चालून ये. आईला रोज ठरलेल्या वेळी फोन कर, पण दिवसभर फोनला चिकटून बसू नकोस. दोन आठवडे झाले तरी मन उचलत नसेल, तर स्टुडेंटेनवेर्कचं समुपदेशन आहे, तिथे जा. बोलायला तिथे माणसं नेमलेली आहेत.

अभ्यासाचं ऐक. जाण्याआधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ भरून घेतात, म्हणजे तिथे कुठले विषय घेणार आणि त्यांचे इथे किती श्रेयांक धरणार याचा करार. पूर्ण सेमिस्टरला साधारण ३० श्रेयांक धरतात. तिथे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर दोन्हीकडच्या समन्वयकांना त्याच आठवड्यात मेल कर आणि होकार लेखी घे. परत आल्यावर ‘हे आमच्याकडे बसत नाही’ असं ऐकायला नको. वर्गात बसलीस म्हणून परीक्षेत नाव आपोआप येईल असं समजू नकोस. परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची शेवटची तारीख फार कडक असते. गुण उलटे असतात, १.० सगळ्यात चांगला आणि ४.० पर्यंत पास. घरी सांगताना आधी हे समजावून सांग, नाहीतर बाबा म्हणतील, पोरीला दीडच मार्क कसा. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांनी टकटक करतात. तूही कर. आपल्याला चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेली. तिथे ‘तुला काय वाटतं’ असं विचारतात आणि उत्तराची वाट बघत गप्प बसतात. पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न लिहून ने आणि हात वर कर. तुझं इंग्रजी अडखळलं तरी हसत नाहीत, कारण निम्म्या वर्गाचं अडखळतच असतं.

भीतीचंही बोलूया, झाकून ठेवायला नको. ड्रेस्डेनमध्ये २०१४ पासून काही वर्षं बाहेरून आलेल्यांच्या विरोधात सोमवारी मोर्चे निघत. शहरात प्रेमळ माणसं खूप आहेत, पण ट्राममध्ये एखादा वाकडं बोलू शकतो. त्याच्याशी वाद घालू नकोस. उठून चालकाजवळ किंवा बायाबापड्यांजवळ जाऊन बस, आणि काही घडलंच तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सांग. रात्री उशिरा यायचं असेल तर मैत्रिणीला कळवून ठेव. पुण्यात करत होतीस तसंच.

आणि आपल्याच भारतीय मुलींच्या घोळक्यात पूर्ण सेमिस्टर घालवू नकोस. त्या हव्यातच, दिवाळीला आणि तापाला त्याच धावून येतात. पण एक मैत्रीण तिथली कर, एक तिसऱ्याच देशातली कर. जर्मन माणूस पहिल्या भेटीत गळ्यात पडत नाही, तो वेळ घेतो. तू बोलायला सुरुवात कर. काय बोलू म्हणशील, तर तुझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. त्या शहरात फ्राउएनकिर्खं नावाचं चर्च आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर ते कोसळलं आणि कित्येक वर्षं दगडांचा ढीग होऊन पडलं. मग जुने दगड वेचून, त्यांच्या जागा शोधून ते पुन्हा उभारलं, आणि ३० ऑक्टोबर २००५ ला ते परत उघडलं. भिंतीत नव्या पिवळसर दगडांमध्ये जुने काळे दगड वेगळे दिसतात. दरवर्षी १३ फेब्रुवारीला लोक हातात हात धरून साखळी करतात. तू तेव्हा तिथेच असशील. तू औशाकडची, किल्लारी तुझ्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, हजारो माणसं गेली, आणि उरलेल्यांनी नव्या जागी पुन्हा घरं मांडली. आजीकडून हे ऐकून मोठी झालीस ना? एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीला त्या चर्चविषयी विचार आणि किल्लारीविषयी सांग. पडलेलं घर पुन्हा उभं करणं म्हणजे काय, हे दोघींना ठाऊक आहे. त्यानंतर ती तुला परकी मानणार नाही, मी सांगते.

बघ, तुझ्या हातात साधारण पाच महिने आहेत. ते परीक्षेच्या भीतीत आणि खोलीच्या चार भिंतींत संपवू नकोस. १४३४ पासून भरणारा तिथला नाताळबाजार बघ, ग्रंथालयात बस, चुकीच्या ट्राममध्ये बसलीस तर पुढच्या थांब्यावर उतर आणि समोरच्या माणसाला विचार.

आता उठ. आज व्हिसाच्या तारखेचं बघ, उद्या वसतिगृहाचा अर्ज भर, आणि रविवारी आईसोबत बसून तो देवघराशेजारचा कागद तयार कर. समन्वयकाला विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढ, कितीही साधे वाटले तरी. एकही न गाळता मेल पाठव आणि उत्तर आलं की मला कळव.